कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू झालीय? रोजचे दिवस बरे जावेत म्हणून पहिल्यापासून काय काय करायचं

हे मी अशा घरांसाठी लिहितेय जिथे नुकतंच निदान झालंय, फाईल तयार झालीय, केमोची किंवा रेडिएशनची तारीख मिळालीय आणि आता सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे आहे, गाठ कमी होतेय का. ते असणारच. पण ट्रीटमेंट महिनोन्‌महिने चालते आणि त्या महिन्यांत माणूस जेवत असतो, झोपायचा प्रयत्न करत असतो, संडासला होत नाही म्हणून वैतागलेला असतो, रात्री दुखतंय म्हणून जागा असतो, आणि यातलं काहीच स्कॅनमध्ये दिसत नाही. ते कुणीतरी तोंडानं सांगावं लागतं. आमच्या घरी आईची ट्रीटमेंट झाली तेव्हापासून मी पुण्यातल्या बऱ्याच पेशंटच्या घरच्यांशी बोलत असते आणि एक वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते, "अहो कॅन्सर आहे, त्रास तर होणारच." थोडा त्रास होणार हे खरंय, पण त्यातल्या बऱ्याच त्रासांवर औषध आहे, उपाय आहे, फक्त तो त्रास डॉक्टरांपर्यंत पोचला पाहिजे.

औषधांचे डोस इथे सांगणार नाहीये, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. बाकी घरी काय करायचं, कुणाला काय विचारायचं, ते जमेल तसं क्रमानं लिहिते.

पायरी १ – एक वही करा, आजच

साधी दोनशे पानी वही चालेल, मोबाईलवर लिहिलंत तरी चालेल, पण घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचता आलं पाहिजे. रोज संध्याकाळी एकदा, ० ते १० मध्ये आकडे लिहायचे. ० म्हणजे अजिबात त्रास नाही, १० म्हणजे सहनच होत नाही. दुखणं, थकवा, मळमळ, भूक, झोप, दम लागणं, शौच, आणि मन कसं आहे. बस एवढंच. पाच मिनिटं लागतात.

आकड्याच्या पुढे एक ओळ लिहा, त्या त्रासामुळे काय करायचं राहिलं ती. "दुखणं ६" यापेक्षा "दुखणं ६, कुशीवर झोपता आलं नाही, दोनला जाग आली ती आलीच" हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं, कारण त्यावरून रात्रीचा डोस बदलायचा का ते त्यांना कळतं.

हे काही मी मनानं सांगत नाहीये. मोठ्या हॉस्पिटलमध्ये आणि स्टडीमध्ये जीवनमान मोजायला छापील फॉर्म वापरतात, त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा म्हणजे ईओआरटीसी या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या युरोपातल्या संस्थेचा क्यूएलक्यू-सी३०, त्यात ३० प्रश्न असतात आणि तो मराठीतही आहे. लांब चालताना त्रास होतो का, कामावर परिणाम झाला का, झोप लागते का, पैशाची ओढाताण होते का असे प्रश्न, आणि शेवटी एकूण तब्येत आणि एकूण जगणं कसं वाटतंय ते १ ते ७ मध्ये. तुम्हाला कुणी असा फॉर्म भरायला दिला तर घाईघाईत उरकू नका, नीट विचार करून भरा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये ७६६ पेशंटवर एक अभ्यास झाला होता, त्यात एका गटानं आपले त्रास नियमित कॉम्प्युटरवर कळवायचे आणि त्रास वाढला की नर्सला मेसेज जायचा, दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं चाललं होतं. २०१७ साली त्याचे आकडे आले, कळवणाऱ्या गटाचं मधलं आयुर्मान (म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो आकडा) ३१.२ महिने आणि दुसऱ्याचं २६ महिने. नुसतं वेळच्या वेळी सांगितल्यामुळे एवढा फरक. म्हणून वहीसाठी मी एवढा आग्रह धरते.

अजून एक. फाईलमध्ये कुठेतरी "पीएस १" किंवा "ईकॉग २" असं लिहिलेलं दिसेल. पेशंट दिवसभरात किती हिंडूफिरू शकतो त्याचा तो आकडा आहे, ० म्हणजे पूर्वीसारखा, १ म्हणजे हलकं काम जमतं, २ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो पण काम जमत नाही, ३ म्हणजे जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत, ४ म्हणजे पूर्ण अंथरुणावर. पुढची केमो द्यायची का, किती ताकदीची द्यायची हे ठरवताना डॉक्टर हा आकडा बघतात. आपल्याकडची जुनी माणसं डॉक्टरांसमोर गेली की एकदम ताठ बसतात, "मस्त आहे साहेब" म्हणतात आणि घरी आल्यावर दोन दिवस उठत नाहीत. उसनं अवसान आणू देऊ नका, ती दोन मिनिटं खरं बोलण्यासाठीच असतात.

पायरी २ – तापाचा नियम सगळ्या घराला पाठ पाहिजे

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस झाला की लगेच हॉस्पिटलला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, आपण म्हणतो ना काउंट कमी आले, तेव्हा साधं इन्फेक्शनही काही तासांत अंगभर पसरू शकतं. आधी क्रोसिन देऊन बघू, सकाळी जाऊ, असं अजिबात करू नका, क्रोसिननं ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन तसंच राहतं. पावसाळ्यात पुण्यात घरोघरी व्हायरल आणि डेंगीचा ताप असतो त्यामुळे "सगळ्यांनाच आलाय" असं वाटतं, पण केमोवाल्या माणसाचा ताप वेगळाच धरायचा.

त्यामुळे डिजिटल थर्मामीटर घरी हवाच. हॉस्पिटलचा चोवीस तास चालणारा नंबर कोणता, रात्री कॅज्युअल्टीला थेट यायचं का, तिथे काय सांगायचं हे पहिल्या केमोच्या दिवशीच विचारून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. पेठांमध्ये राहत असाल तर गणपती विसर्जनाच्या आणि पालख्यांच्या दिवसांत रस्ते बंद असतात, लक्ष्मी रोड, टिळक रोडकडून गाडी निघणार नाही, तेव्हा त्या दिवसांत रात्री निघायची वेळ आली तर कुठून जायचं हे आधी ठरवा, किंवा ते दोन दिवस नदीपलीकडच्या नातेवाइकांकडे काढा.

तापाशिवाय अजून काही गोष्टींना थांबायचं नसतं: अचानक दम लागणं, रक्तस्राव, दिवसभर पाणीसुद्धा पोटात न टिकणं, एकच पाय सुजून दुखणं, बोलण्यात असंबद्धपणा येणं, आणि पाठीत नवीन जोरात दुखून पायातली ताकद जाणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं. हे शेवटचं तर त्याच दिवशी दाखवायचं, उशीर झाला तर पायातली ताकद परत येत नाही.

पायरी ३ – दुखणं

या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथे लोक विनाकारण सोसतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी पायऱ्या ठरवून दिल्या, साध्या गोळीपासून सुरू करून गरजेप्रमाणे मॉर्फिनपर्यंत. मॉर्फिन हे नाव ऐकलं की घरात शांतता पसरते. दोन भीत्या असतात, एक म्हणजे व्यसन लागेल आणि दुसरी म्हणजे आता शेवट आला. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिननं व्यसन लागणं क्वचितच होतं, आणि ते कधी सुरू करायचं हे दुखणं किती आहे त्यावर ठरतं, आजार कुठल्या स्टेजला आहे त्यावर नाही. मॉर्फिन घेऊन लोक परत बाजारात जातात, पूजेला बसतात, ऑफिसला सुद्धा जातात. दुखणं थांबल्यावर झोप लागते, झोप लागली की भूक लागते, इतकं ते एकमेकांत गुंतलेलं असतं.

लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा. गोळी घड्याळ लावून घ्यायची, दुखायला लागल्यावर नाही. दोन डोसच्या मध्ये अचानक कळ आली तर काय घ्यायचं ते वेगळं लिहून मागा. सुरुवातीला दोन-चार दिवस झोपाळल्यासारखं, मळमळल्यासारखं होतं, ते बहुतेकांचं कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र होतंच आणि ते आपोआप जात नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध हवं, डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर विचारा. आपल्याकडे लगेच इसबगोल देतात, पण मॉर्फिन चालू असताना आणि पाणी कमी जात असताना इसबगोल आतड्यातच घट्ट होऊन बसू शकतं, त्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेलं औषध बरं. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटून किंवा अर्ध्या करून कधीही देऊ नका, सगळा डोस एकदम अंगात जातो.

मॉर्फिन गल्लीतल्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड होतं, २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यता मिळालेल्या हॉस्पिटल आणि संस्थांना ते ठेवता येऊ लागलं. तेव्हा तुमच्या हॉस्पिटलमध्ये ते मिळतं का, नसेल तर कुठे पाठवतील, हे गरज पडायच्या आधीच विचारा. शुक्रवारी संध्याकाळी गोळ्या मोजून बघायची सवय लावा, रविवारी धावपळ नको.

जळजळ, करंट बसल्यासारखं, मुंग्या, हे नसेचं दुखणं असतं आणि त्याला वेगळी औषधं लागतात, त्यामुळे "दुखतंय" एवढंच न सांगता कसं दुखतंय ते सांगा. हाडात पसरल्यामुळे दुखत असेल तर रेडिएशनबद्दल विचारा, बऱ्याच जणांना एकाच बैठकीत दिलेल्या डोसनं दहा बैठकांइतकाच आराम पडतो, लांबून येणाऱ्या पेशंटला हे माहीत असणं फार महत्त्वाचं आहे.

पायरी ४ – पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना लवकर भेटा

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजारामुळे होणारे त्रास कमी करणारे उपचार, पण लोक त्याचा अर्थ शेवटचे दिवस असा सरसकट समजतात. वारजेला हायवेजवळ सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून आहे, तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत, घरचं माणूस सोबत राहू शकतं, काही दिवस राहून दुखणं, जखम, उलट्या आटोक्यात आणून लोक घरी जातात आणि घरी येऊन बघणारी टीमही आहे. पण डॉक्टरांनी तिथलं नाव काढलं की घरचे रडायला लागतात. मी सांगते, तिथे लवकर जा. केमो चालू असतानाच जा. नुसतं बोलायला जा.

२०१० साली बॉस्टनमध्ये फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर झालेल्या अभ्यासात ज्यांना निदान झाल्या झाल्या नेहमीच्या ट्रीटमेंटबरोबर पॅलिएटिव्ह केअर मिळाली त्यांचं जीवनमान चांगलं राहिलं, उदासी कमी राहिली, आणि मधलं आयुर्मान ११.६ महिने होतं, बाकीच्यांचं ८.९. तेव्हा ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, सरळ विचारायचं, "डॉक्टर, आम्हाला पॅलिएटिव्ह टीमला आत्तापासूनच दाखवायचंय, चिठ्ठी द्याल का?" कुणी रागावत नाही.

पायरी ५ – खाणं, तोंड, पोट

घरातली सगळ्यात जास्त भांडणं ताटावरून होतात. करणारीनं जीव लावून केलेलं असतं आणि खाणाऱ्याला वासच सहन होत नाही.

चव बदलते, तोंडात लोखंडासारखं लागतं, फोडणीच्या वासानं मळमळतं. अशा वेळी गरम गरम वाढायचा हट्ट सोडा, कोमट किंवा गार पदार्थाला वास कमी असतो. स्टीलचा चमचा बदलून लाकडी किंवा प्लास्टिकचा द्या. दोन मोठी जेवणं विसरा, दर दोन तासांनी थोडं थोडं. मऊ भात, मेतकूट आणि तूप हे किती घरांत तारून नेतं ते मी बघितलंय. मुगाची पातळ खिचडी, तांदळाची उकड, नाचणीची आंबील, शिरा, धिरडी, अंडं खात असाल तर अंडं, सायीचं दही, पनीर कुस्करून. प्रथिनं जायला हवीत, त्यामुळे नुसत्या साबुदाण्याच्या पेजेवर आणि नारळपाण्यावर ठेवू नका. वजन दर आठवड्याला वहीत लिहा, कपडे सैल व्हायला लागल्यावर लक्षात येतं तेव्हा बरंच गेलेलं असतं. डाएटीशियनची चिठ्ठी मागा.

साखर कॅन्सरला खाऊ घालते म्हणून गोड, भात, दूध सगळं बंद करणारी घरं आहेत. डायबिटीस असेल तर पथ्य पाळाच, पण नसेल तर जो माणूस कसाबसा अर्धी वाटी खातोय त्याच्यापुढून शिऱ्याची वाटी काढून घेऊ नका, वजन जाणं जास्त वाईट.

तोंड आलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायची, गिळायचं नाही, पाणी रोज नवीन करायचं. मऊ ब्रश, आणि अल्कोहोलवालं माउथवॉश नको. गिळतानाही दुखत असेल तर भरपूर औषधं आहेत, सांगा. मळमळीची गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची असते. आणि त्यातल्या काही गोळ्यांनीच शौचाला कडक होतं, तेही वहीत आलं पाहिजे.

काउंट खाली असताना बाहेरचं बंद. उसाचा रस, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, बर्फ. घरी नीट धुवून सोललेलं फळ चालतं, उगाच फळं सगळीच बंद करायची गरज नाही. आणि काढे. गुळवेल, गव्हांकुराचा रस, कुणाच्या तरी ओळखीच्या वैद्यांची पुडी, प्रत्येक भेटायला येणारा काहीतरी घेऊन येतो. गुळवेलीनं लिव्हरला इजा झालेल्या केसेस आपल्या मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच बाहेर जातात, मग रिपोर्ट बिघडला की केमोच पुढे ढकलतात. जे काही चालू असेल ते लपवू नका, पुडी डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा.

तोंडाच्या कॅन्सरसाठी वेगळं लिहायलाच हवं, आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे याचे पेशंट खूप आहेत. रेडिएशनच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवा, काढायचे दात आधीच काढावे लागतात, नंतर जबड्याचं हाड भरून येत नाही. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर तोंड उघडणं कमी होत जातं. आपल्या तोंडात साधारण आपलीच तीन बोटं उभी मावतात, ती दोन मावायला लागली, मग एक, तर लगेच फिजिओकडे जा. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून हळूहळू संख्या वाढवत जायचा व्यायाम देतात, कंटाळवाणा आहे, दुखतो, पण पुढे आयुष्यभर चमच्यानं खाता यायचं की नाही ते यावर ठरतं म्हणून दिवसातून सांगतील तितक्या वेळा करा. नाकातून नळी घातली असेल तर घरचंच वरण, दूध, नाचणी, अंडं मिक्सरमधून काढून गाळून देता येतं, किती आणि कसं ते नर्सकडून समोर करून बघून घ्या. आणि तंबाखू आता सोडून काय उपयोग असं म्हणू नका, जखम भरायला आणि रेडिएशनचा गुण यायला आत्ताही उपयोग होतो. १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे.

पायरी ६ – थकवा

हा थकवा झोपून जात नाही. लोक म्हणतात आळस आलाय, पेशंटला स्वतःलाही तसंच वाटायला लागतं. आधी डॉक्टरांना हिमोग्लोबिन, थायरॉईड, झोप आणि उदासी यातलं काही कारण आहे का ते बघायला सांगा. त्यानंतर ज्या उपायाला सगळ्यात भक्कम आधार आहे तो म्हणजे चालणं. विश्वास बसत नाही पण तसंच आहे. सुरुवात दहा मिनिटांनी करा, सोसायटीच्या आवारात, घराजवळच्या बागेत, सारसबागेत सकाळी गर्दी व्हायच्या आत. हाडात आजार असेल तर आधी फिजिओला विचारा, आणि काउंट कमी असताना गर्दीत नको.

दिवसभराची ताकद ही महिन्याच्या पगारासारखी धरा, आंघोळीतच सगळी संपली तर संध्याकाळी नातवाशी खेळायला काही उरत नाही. मग आंघोळ स्टुलावर बसून करा, भाजी बसून चिरा, जे दुसरा करू शकतो ते त्याला करू द्या आणि जे तुम्हाला स्वतःला करायचंच आहे त्याच्यासाठी राखून ठेवा. पेठेतल्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नसते, तिथे मधल्या लँडिंगला एक खुर्ची ठेवायची परवानगी शेजाऱ्यांकडून घ्या, एवढ्याशा गोष्टीमुळे माणूस घराबाहेर पडायला लागतो. मेट्रोला लिफ्ट आहे आणि वनाज-रामवाडी लाईनवर रुबी हॉल आणि पुणे रेल्वे स्टेशन ही स्टेशनं आहेत, ससून हॉस्पिटलला जायला रेल्वे स्टेशन जवळ. ऑपरेशनच्या टाक्यांवर बसचे धक्के खाण्यापेक्षा ते बरं.

पायरी ७ – मन, घरचे, भेटायला येणारे

"बाबांना सांगू नका" हे आपल्याकडे फार चालतं. बाबांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. ते घरच्यांसाठी गप्प, घरचे त्यांच्यासाठी गप्प, आणि मग बँकेचं, घराचं, मनातलं काहीच बोलणं होत नाही. सगळं एकदम सांगायची गरज नाही. त्यांनाच विचारा, "बाबा, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं डॉक्टरांनी तुम्हाला सांगावं की आम्हाला?" जे म्हणतील तसं करा.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच रस नाही, झोप नाही, तर तो स्वभाव नाही, त्यावर उपचार होतो. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि पेशंटइतकाच तो घरच्यांसाठीही आहे.

भेटायला येणाऱ्यांचं एकानं हातात घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ग्रुप, एकच माणूस अपडेट टाकणार, भेटायची वेळ पाच ते सहा, सर्दी-खोकला असणाऱ्यांनी येऊ नये, हे सरळ लिहायचं. वाईट वाटून घेणारे घेतात आणि विसरतात. मदत करू का विचारणाऱ्याला ठोस काम द्या, मंगळवारचा डबा, रिपोर्ट आणणं, मुलांना क्लासला सोडणं. मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं, आणि हे मुद्दाम सांगा की हा आजार शिवल्यानं होत नाही, आईजवळ झोपलं तरी चालतं.

दोन गोष्टी कुणी विचारत नाही म्हणून लिहिते. तरुण पेशंट असेल आणि पुढे मूल हवं असेल तर वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवण्याबद्दल पहिल्या केमोच्या आधीच विचारा, नंतर वेळ गेलेली असते. आणि नवरा-बायकोतली जवळीक, कोरडेपणा, इच्छा न होणं, शरीराची लाज वाटणं, हे सगळं आजाराचा आणि औषधांचा परिणाम म्हणून होतं, डॉक्टरांनी हजारदा ऐकलेलं असतं, विचारा. केस सगळ्याच केमोत जात नाहीत, ज्यात जातात त्यात साधारण दोन-तीन आठवड्यांनी जायला लागतात, आधीच बारीक करून घेतले तर उशीवर पुंजके बघायची वेळ येत नाही.

पायरी ८ – पैसे आणि प्रवास

पैशाची चिंता हा सुद्धा साइड इफेक्टच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता महाराष्ट्रातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार आहेत. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदत करणारे कर्मचारी, बसतात, अ‍ॅडमिट व्हायच्या आधी त्यांच्याकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन जा कारण मंजुरी आधी लागते, बिल झाल्यावर गेलात तर उपयोग होत नाही. ट्रस्टची जी मोठी हॉस्पिटलं आहेत त्यांना १० टक्के बेड गरीब पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल गटासाठी सवलतीत ठेवावे लागतात, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आजच काढायला टाका आणि हॉस्पिटलमधल्या सोशल वर्करला भेटा.

मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला जाऊन येऊन ट्रीटमेंट घेणारे पुण्यातले खूप जण आहेत. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना सवलत असते, स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के, चेअर कार आणि सेकंड क्लासमध्ये दोघांनाही ७५ टक्के. पुणे-मुंबई दिवसाच्या गाड्या बसायच्याच असल्यामुळे आपल्याला बहुधा हे ७५ टक्केच लागू होतं. हॉस्पिटलकडून रेल्वेच्या ठरलेल्या फॉर्मवर सही-शिक्का घ्या आणि तिकीट काउंटरवरच काढा. एसटीतही सवलत आहे, डेपोत विचारा. इन्कम टॅक्स जुन्या पद्धतीनं भरत असाल तर कलम ८०डीडीबी खाली ४० हजारांपर्यंत आणि पेशंट सीनियर सिटिझन असेल तर १ लाखापर्यंत वजावट मिळते, बिलं आणि तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.

पायरी ९ – सांभाळणाऱ्या माणसाचं

बहुतेक घरांत एकच बाई सगळं करते. तिची बीपीची गोळी चुकते, तिचा स्वतःचा चेकअप राहतो, तिची कंबर जाते. आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसरं कुणी पेशंटजवळ झोपलं पाहिजे. भावंडांमध्ये हे तोंडी ठेवू नका, वार लिहून भिंतीवर लावा.

पायरी १० – औषध लागू पडत नसेल तेव्हा

दुसऱ्या-तिसऱ्या केमोनंतर डॉक्टर म्हणतात अजून एक औषध आहे, बघूया. तेव्हा हे प्रश्न विचारा: यानं किती फायदा अपेक्षित आहे, आणि ते घेताना दिवस कसे जातील? न घेता फक्त त्रासावर उपचार केले तर दिवस कसे जातील? हे विचारणं म्हणजे हार मानणं नाही. पेशंटला काय हवंय ते त्याच्याच तोंडून ऐका, कुणाला मुलीचं लग्न बघायचं असतं म्हणून आणखी एक केमो हवी असते, कुणाला गावच्या घरी ओसरीवर बसायचं असतं आणि आयसीयू नको असतं. आयसीयू, व्हेंटिलेटर नको असं लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. घरीच राहायचं ठरलं तर पॅलिएटिव्ह टीमचा नंबर आणि जवळच्या फॅमिली डॉक्टरांशी आधीच बोलणं करून ठेवा, घरी मृत्यू झाला तर दाखला त्यांच्याकडूनच लागतो आणि त्या रात्री अनोळखी डॉक्टर शोधत फिरायची वेळ येऊ नये.

पायरी ११ – आणि ट्रीटमेंट संपली की

शेवटच्या केमोला हॉस्पिटलमध्ये पेढे वाटले जातात आणि घरच्यांना वाटतं सोमवारपासून सगळं पूर्वीसारखं. थकवा कित्येक महिने राहू शकतो. ऑफिसमध्ये सुरुवातीचे महिने अर्धा दिवस किंवा घरून काम मागा, डॉक्टरांचं पत्र मिळतं.

हातापायाला बधिरपणा राहिला असेल तर घरातसुद्धा चप्पल घाला, आंघोळीचं पाणी कोपरानं बघा, आणि गॅसजवळ जपा. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध चालू असेल किंवा नुकतंच झालं असेल तर गार लागलं की हातात आणि घशात मुंग्या येतात, डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्याच्या थंडीत हातमोजे, मफलर, कोमट पाणी, आणि फ्रिजमध्ये हात घालायचं काम दुसऱ्याला.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताची सूज महिन्यांनी, कधी वर्षांनीही येते. अंगठी किंवा बांगडी घट्ट व्हायला लागली, हात जड वाटला की थांबू नका, सुरुवातीला फिजिओ आणि पट्ट्यांनी आटोक्यात येते, जुनी झाली की अवघड होते. त्या हाताला कापलं, भाजलं, डास चावून खाजवलं तरी लगेच धुवून औषध लावा, आणि लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर.

फॉलोअपच्या स्कॅनच्या आधी आठ-दहा दिवस बहुतेकांची झोप उडते, घरात चिडचिड होते. स्कॅन आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट यात जास्त दिवस जाऊ देऊ नका, दोन्ही तारखा एकदमच मागून घ्या, आणि रिपोर्ट हातात आला की स्वतः इंटरनेटवर अर्थ लावत बसण्याऐवजी पाकीट तसंच डॉक्टरांकडे न्या.